छोटे स्वस्त लॅपटॉप: कुठून आले, का गेले आणि आता घ्यायचा तर काय बघायचं

प्रश्न तीन भागात आहे म्हणून उत्तर लांबणार, आधीच सांगतो. तुमचं म्हणणं असं की २००९ मधे घेतलेलं दहा इंची नेटबुक, म्हणजे इंटेलच्या ॲटम प्रोसेसरवरचा छोटा स्वस्त लॅपटॉप, कपाटात पडून आहे, एकेकाळी सगळीकडे दिसणारी ही मशिनं अचानक कुठे गेली ते कळत नाही, आता मुलीला कॉलेजसाठी तसाच छोटा हलका आणि स्वस्त लॅपटॉप हवाय तर घ्यावा का, आणि त्या जुन्याचं काय करावं. मी लॅपटॉप रिपेरिंगमधे बरीच वर्षं आहे, नेटबुकची लाट आली तेव्हाही टेबलावर हेच काम होतं आणि ती ओसरल्यावर पडून राहिलेली मशिनंही माझ्याकडेच आली, त्यामुळे जे सांगतोय ते उघडून बघितलेलं आहे.

मुद्द्याचं आधी. मशीन स्वस्त करायचं म्हणजे कुठेतरी कात्री लावावी लागते, जादू नसते. प्रोसेसर, रॅम, स्टोरेज, स्क्रीन, बॅटरी, बॉडी, यातलंच काहीतरी कापलेलं असतं. पण कापण्यात दोन प्रकार आहेत. एक, जे नंतर भरून काढता येतं, म्हणजे रॅम कमी दिलीय पण स्लॉट आहे, ड्राइव्ह छोटा आहे पण बदलता येतो. दुसरं, जे बोर्डावर कायमचं सोल्डर करून टाकलंय, त्याला पुढे काहीच करता येत नाही. स्वस्त लॅपटॉप चार वर्षं चालला की दीड वर्षात भंगारात गेला हे मी बघितलेल्या बहुतेक केसेसमधे यावरच ठरलं, आणि दुसरं म्हणजे त्यात टाकलेलं सॉफ्टवेअर अंथरूण पाहून पाय पसरणारं होतं की नाही यावर. बाकी कंपनीचं नाव, रंग, जाडी हे सगळं मागून येतं.

आता इतिहास थोडक्यात, कारण त्याशिवाय ही मशिनं का गेली ते कळणार नाही. पोर्टेबल कॉम्प्युटर बाजारात खऱ्या अर्थाने चालले ते १९८१ पासून. त्या वर्षी ऑस्बोर्न १ आला, साधारण ११ किलो वजन, ५ इंची स्क्रीन, शिलाई मशीनसारखा हँडल धरून न्यायचा. १९८३ मधे टीआरएस-८० मॉडेल १०० आला आणि तो माझ्या मते खरा पूर्वज, चार पेन्सिल सेलवर जवळजवळ वीस तास चालायचा, स्क्रीनवर फक्त आठ ओळी, प्रत्येक ओळीत ४० अक्षरं, पण बटण दाबलं की लगेच चालू, टेक्स्ट एडिटर आधीच रॉममधे, म्हणजे कायमच्या मेमरीत. बातमीदार मंडळींनी तो वर्षानुवर्षं वापरला, जागेवरून बातमी टाइप करून टेलिफोनच्या लाइनवरून ऑफिसला पाठवायचे. त्यात ताकद काहीच नव्हती, तरी कुणी त्याला स्लो म्हणालं नाही, कारण आतलं सॉफ्टवेअर त्याच मापाचं शिवलेलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे परत येईल.

त्यानंतर बराच काळ छोटं म्हणजे महाग असंच समीकरण होतं. १९९६ चा तोशिबाचा लिब्रेटो घ्या, पूर्ण विंडोज चालवणारा आणि जवळपास व्हिडिओ कॅसेटच्या आकाराचा, पण एवढ्या जागेत सगळं बसवायचं म्हणजे खर्च वाढतो. छोटं आणि स्वस्त दोन्ही एकत्र आलं ते २००७ मधे, आणि त्याची सुरुवात एका वेगळ्याच ठिकाणाहून झाली.

२००५ मधे एमआयटीच्या निकोलस नेग्रोपाँटे यांनी १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली, वन लॅपटॉप पर चाइल्ड, गरीब देशातल्या शाळेच्या मुलांसाठी. पहिल्या नमुन्याला चार्जिंगसाठी हाताने फिरवायचा दांडा होता, तो पुढे काढला. २००७ च्या शेवटी एक्सओ-१ नावाने मोठ्या प्रमाणावर बनायला लागला. ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी फ्लॅश, हार्डडिस्क नाही, पंखा नाही. आणि मेरी लू जेप्सन यांनी त्याच्यासाठी केलेला साडेसात इंची डिस्प्ले, जो भर उन्हात बॅकलाइट बंद करून वाचता यायचा. आजच्या कितीतरी महाग लॅपटॉपला ते जमत नाही हो! किंमत मात्र १०० डॉलरला कधीच आली नाही, १८८ डॉलरच्या आसपास गेली, आणि जेवढ्या देशांनी घ्यायची तयारी दाखवली होती तेवढ्यांनी प्रत्यक्षात घेतले नाहीत. उरुग्वेने घेतले, त्यांच्या प्लॅन सेबालमधे २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला मिळाला. या प्रकल्पावर टीका भरपूर झाली आणि त्यातली बरीचशी रास्त आहे, नुसतं मशीन वाटून शिक्षण होत नाही, पण लॅपटॉप एवढा स्वस्त होऊ शकतो हे सगळ्या इंडस्ट्रीला त्याने दाखवून दिलं हे मी मनापासून मानतो. त्याआधी प्रत्येक कंपनी दरवर्षी जास्त ताकद, तीच किंमत या एकाच रस्त्यावर होती. कमी ताकद पण कमी किंमत असं कुणी विचारतच नव्हतं.

मग असुसने जून २००७ मधे ई-पीसी दाखवला आणि ऑक्टोबरमधे बाजारात आणला. नावात ओळीने तीन ई आहेत, म्हणताना एकच. मॉडेल ७०१, ७ इंची स्क्रीन ८०० बाय ४८० पिक्सेलचा, इंटेल सेलेरॉन एम जो मुळात ९०० मेगाहर्ट्झचा पण ६३० वर चालवलेला, ५१२ एमबी रॅम, ४ जीबीचं फ्लॅश स्टोरेज, वजन ९२० ग्रॅम. स्क्रीनच्या दोन्ही बाजूला स्पीकर, कारण बॉडी स्क्रीनपेक्षा मोठी, तेवढाच पॅनल परवडत होता. आधी १९९ डॉलर सांगितले होते, प्रत्यक्षात ४ जीबीवाला अमेरिकेत ३९९ ला आला, तरीही लोक तुटून पडले.

मी पहिल्यांदा तो उघडला ते अजून आठवतं. खालचं छोटं झाकण काढलं की आत रॅमचा रीतसर स्लॉट, साधी डीडीआर२ लॅपटॉप रॅम. ५१२ ची काढून १ जीबीची लावली, झाकण बंद, पाच मिनिटांचं काम, आणि मशीन एकदम मोकळं झाल्यासारखं चालायला लागलं. पण ४ जीबीचं स्टोरेज शोधायला गेलो तर ते बोर्डावरच सोल्डर केलेलं. म्हणजे एकाच मशीनमधे दोन्ही प्रकारची कात्री, एक भरून काढता येणारी आणि एक कायमची. पुढे जेव्हा हे ७०१ माझ्याकडे परत यायला लागले तेव्हा रॅमची तक्रार कुणाचीच नव्हती, सगळ्यांची तक्रार एकच, जागा संपली. एसडी कार्ड लावून लोकांनी काम भागवलं पण सिस्टिमच वाढत गेली तिथे कार्ड काय करणार.

त्यात असुसने टाकलेलं सॉफ्टवेअर मात्र चांगलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. झँड्रॉस लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी वेगळी सिस्टिम, चालू केलं की मोठे आयकॉन, इंटरनेट, काम, शिक्षण, खेळ असे टॅब, अर्ध्या मिनिटात मशीन तयार. मॉडेल १०० सारखंच, मापाचं शिवलेलं. लिनक्स म्हणजे काय हे माहीत नसलेली माणसं ते विनातक्रार वापरायची, जोपर्यंत त्यांना नवा प्रिंटर जोडायचा नसायचा किंवा ओळखीचं एखादं विंडोजचं सॉफ्टवेअर टाकायचं नसायचं तोपर्यंत.

२००८ मधे इंटेलने छोट्या स्वस्त मशिनांसाठी ॲटम प्रोसेसर काढला आणि मग लाटच आली. एसर ॲस्पायर वन, एमएसआय विंड, एचपी, डेल, सगळ्यांचे आठ-नऊ-दहा इंची. नेटबुक हे नावही इंटेलने तेव्हाच रूढ केलं. खरं तर सायन कंपनीने १९९९ मधे त्या नावाचं एक मशीन काढलेलं होतं, त्यावरून २००८-०९ मधे वाद झाला आणि नंतर मिटला. तुमचं कपाटातलं मशीन बहुतेक एन२७० किंवा एन२८० या ॲटम चिपचं असणार. एन२७० म्हणजे १.६ गिगाहर्ट्झ, एकच कोअर, आणि एका वेळी ओळीने सूचना चालवणारी चिप, म्हणजे एक सूचना मेमरीची वाट बघत थांबली की मागच्या सगळ्या रांगेत थांबणार. म्हणून १.६ हा आकडा बघून लोक फसायचे, त्याच आकड्याचा मोठ्या लॅपटॉपचा प्रोसेसर कितीतरी पुढे असायचा. वीज मात्र फक्त अडीच वॅट.

पण इथे एक गंमत आहे जी जाहिरातीत कुणी सांगितली नाही. प्रोसेसर अडीच वॅटचा, आणि त्याच्याबरोबर दिलेला ९४५जीएसई चिपसेट, म्हणजे मेमरी आणि ग्राफिक्स सांभाळणारी चिप, ६ वॅटचा, शिवाय इनपुट-आउटपुटची चिप ३.३ वॅटची. टोटल ११.८. म्हणजे मुख्य पाहुण्यापेक्षा बरोबर आलेली मंडळीच जास्त जेवणार. बॅटरीचा हिशोब करून बघा, तीन सेलची बॅटरी म्हणजे साधारण २४ वॅट-तास, स्क्रीन आणि वायफाय धरून मशीन सरासरी ९-१० वॅट खातं, म्हणजे अडीच तास झाले की संपली. एवढं छोटं मशीन फिरायला घ्यायचं आणि अडीच तासात प्लग शोधायचा याला काय अर्थ, म्हणून मग सहा सेलची बॅटरी आली, ती मागून कुबडासारखी बाहेर यायची. ॲटममधे मेमरी कंट्रोलर आणि ग्राफिक्स आत घेतलेली एन४५० चिप आली तेव्हा २०१० उजाडलं होतं, आणि तिचा स्पीड किती? १.६६. दोन वर्षांत १.६ वरून १.६६.

आता मशिनं का गेली याचं माझं उत्तर. सगळे म्हणतात आयपॅडने मारलं. एप्रिल २०१० मधे आयपॅड आला, त्याने फटका दिला हे खरंच आहे, सोफ्यावर बसून इंटरनेट बघणारा ग्राहक तिकडे गेला. पण माझ्या टेबलावर जे येत होतं त्यावरून सांगतो, नेटबुकचं दुखणं त्याआधीच सुरू झालेलं होतं आणि ते सॉफ्टवेअरचं होतं.

झालं असं की लिनक्सवाली मशिनं दुकानात परत यायला लागली. एमएसआयच्या अधिकाऱ्यांनी २००८ मधेच सांगितलं होतं की लिनक्सवाल्यांचं परत येण्याचं प्रमाण विंडोज एक्सपीवाल्यांच्या किमान चारपट आहे. लोकांना लॅपटॉप दिसला की विंडोज हवं असायचं, ते काही चूक नाही, पण कंपन्यांनीही डबीवर नीट सांगितलं नाही की आत काय आहे. मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा नवीन म्हणजे विंडोज व्हिस्टा, ते या मशिनांना पेलणं शक्यच नव्हतं, म्हणून जून २००८ मधे बंद व्हायचं होतं ते एक्सपी होम छोट्या स्वस्त मशिनांसाठी २०१० पर्यंत पुढे चालू ठेवलं. पण त्याला अटी, रॅम १ जीबीपर्यंतच, स्क्रीन अमुक आकाराच्या आतला. म्हणून त्या काळातलं जे नेटबुक उघडाल त्यात १ जीबीच निघते, प्रत्येक कंपनीचं तेच. मग २००९ मधे विंडोज ७ स्टार्टर, ज्यात डेस्कटॉपचा वॉलपेपरसुद्धा बदलता यायचा नाही. मशीन चांगलं करायची इच्छा असली तरी हात बांधलेले, कारण जरा चांगलं केलं की ते महागड्या लॅपटॉपच्या विक्रीला खाणार.

आणि १०२४ बाय ६०० चा स्क्रीन! ज्याने तो वापरलाय त्याला माहीत असेल. बहुतेक सॉफ्टवेअर ७६८ ओळी धरून बनवलेलं, त्यामुळे सेटिंगची खिडकी उघडली की तिचं तळ स्क्रीनच्या खाली जायचं, आणि ओके, कॅन्सल, अप्लाय ही सगळी बटणं तळाला. एक बाई माझ्याकडे मशीन घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या दादा प्रिंटर जोडता येत नाही, सगळं बरोबर भरते पण सेव्हच होत नाही. बटण होतं, फक्त दिसत नव्हतं. त्यांना टॅब किती वेळा दाबायचा आणि मग एंटर हे कागदावर लिहून दिलं, तो कागद त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि पुढे दोन वर्षं तशाच वापरत होत्या. लिनक्सवर ऑल्ट धरून खिडकी वर ओढता यायची. पुढे विंडोज ८ ची नवी ॲप आली तर ती १०२४ बाय ७६८ च्या खाली चालायचीच नाहीत, झालं, लाखो मशिनं त्या एका आकड्यावर बाहेर.

स्टोरेजचं तर काय सांगावं. काही मॉडेलमधे ८ जीबीचा स्वस्तातला एसएसडी होता, वाचायला ठीक पण छोट्या छोट्या फाइली लिहायला घेतल्या की मशीन सेकंद सेकंद गोठायचं. ब्राउझर तर सतत काहीतरी छोटं छोटं लिहीतच असतो, त्यामुळे टाइप करताना अक्षरं अडकायची आणि मग सगळी एकदम उमटायची. लोकांना वाटायचं कीबोर्ड खराब आहे. मी अशा मशीनवर ब्राउझरची कॅश, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा साठा, रॅममधे वळवून द्यायचो, लगेच फरक पडायचा.

त्यात वेबसाइट दर वर्षी जड होत गेल्या, ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेयरचा व्हिडिओ ॲटमला झेपायचा नाही, आणि मशीन मात्र होतं तिथेच. २००८ मधे जे मशीन पुरेसं होतं तेच २०११ मधे अपुरं झालं, त्यात त्याचा काय दोष? कंपन्यांनाही त्यात सुटत काहीच नव्हतं, २०११ पासून इंटेल अल्ट्राबुकच्या मागे लागली, पातळ आणि महाग. २०१२ च्या अखेरीला असुस आणि एसरने नेटबुक बनवणं थांबवलं.

पण ती कल्पना मेली नाही, वेगवेगळ्या रूपात परत येतच राहिली. फेब्रुवारी २०१२ मधे ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला, तो पोर्टेबल लॅपटॉप नाही पण स्वस्त मशिनला साजेसं सॉफ्टवेअर आणि तेही वर्षानुवर्षं सांभाळून दिलं तर काय होतं ते त्याने दाखवलं. २०११ च्या जूनमधे गूगलचं क्रोमबुक आलं, त्यात तर ब्राउझर हेच सगळं काही, आणि शाळांमधे ते रुजलं. कारण तेच, कमी ताकदीच्या मशीनवर कमी मागणारी सिस्टिम.

आणि विंडोजकडे २०१४ मधे दुसरी फेरी झाली, २०० डॉलरच्या आसपासचे ११ इंची लॅपटॉप, दिसायला फार सुरेख, पंखा नाही, आवाज नाही, रंगीत. २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी स्टोरेज, म्हणजे मेमरी कार्डासारखी स्वस्त फ्लॅश चिप, दोन्ही बोर्डावर सोल्डर. या मशिनांबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण ती घेणारी माणसं बहुतेक विद्यार्थी आणि पहिल्यांदा कॉम्प्युटर घेणारी घरं. ३२ जीबीपैकी अर्ध्याच्या आसपास जागा विंडोजच खाणार. मग विंडोज १० आलं आणि वर्षातून दोनदा मोठं अपडेट यायला लागलं, त्याला सात-आठ जीबी मोकळी जागा पाहिजे, ती नाही, मग स्क्रीनवर मेसेज की जागा करा किंवा बाहेरून पेनड्राइव्ह लावा. एक मुलगा दर सहा महिन्यांनी यायचा. सगळ्या फाइली तो आधीच कार्डावर हलवून आणायचा, एकही गाणं, एकही फोटो आत नाही, त्याने मशीन अगदी स्वच्छ ठेवलेलं, तरी २ जीबीच मोकळे. मी पेनड्राइव्ह लावून अपडेट बसवून द्यायचो, तीन-चार तास जायचे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. शेवटी त्याला लिनक्स टाकून दिलं तेव्हा त्याची त्यातून सुटका झाली. नेटबुकमधे निदान रॅमचा स्लॉट होता, हार्डडिस्क बदलता यायची. इथे मी काय बदलणार?

या मशिनांमधे कमी रॅम आणि स्लो स्टोरेज हे वेगवेगळे दोष नसतात, एकमेकांना वाढवतात. रॅम भरली की सिस्टिम त्यातला काही भाग स्टोरेजवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. आणि ईएमएमसी एका वेळी वाचू तरी शकतं किंवा लिहू तरी, दोन्ही एकदम नाही. म्हणजे रॅम कमी म्हणून स्टोरेजवर धावपळ, आणि स्टोरेजच अरुंद म्हणून ती धावपळ तुंबते, वर मागे अपडेट उतरत असेल तर दुष्काळात तेरावा महिना. लोक प्रोसेसरला शिव्या घालतात पण टास्क मॅनेजर उघडून बघा, प्रोसेसर तीस टक्क्यांवर निवांत असतो आणि डिस्क शंभर टक्क्यांवर.

आता तुमच्या मुलीसाठी. घ्यावा का, तर हो, छोटा स्वस्त लॅपटॉप आज २००९ पेक्षा कितीतरी चांगला मिळतो, फक्त या किमतीत चांगला आणि वाईट शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि बाहेरून सारखेच दिसतात. इंटेलची एन१०० चिप २०२३ मधे आली, चार कोअर, ६ वॅट, आणि ही ॲटमच्या वंशातलीच पण आता रांगेत अडून बसणारी नाही. लिहिणं, वाचणं, ब्राउझर, व्हिडिओ, ऑनलाइन क्लास याला भरपूर झाली. त्याच दुकानात त्याच आकाराच्या लॅपटॉपमधे एन४०२० निघेल, दोन कोअरची २०१९ ची चिप, ती टाळा. रॅम ८ जीबीच्या खाली घेऊ नका, ४ जीबी सोल्डर केलेली असेल तर किंमत कितीही कमी असली तरी नको. विंडोज ११ ची कागदावरची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी आहे, पण त्या अटीवर ते चालू होतं एवढंच, कॉलेजचं काम होत नाही.

स्टोरेजमधे फक्त आकडा विचारू नका, प्रकार विचारा. १२८ जीबी ईएमएमसी आणि १२८ जीबी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारचा एसएसडी, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि एनव्हीएमई साध्या स्लॉटमधे असेल तर दोन वर्षांनी ५१२ ची टाकता येते. विकणाऱ्याला माहीत नसतं बऱ्याचदा, नुसतं एसएसडी आहे सर म्हणतात. मशीन चालू असेल तर टास्क मॅनेजरमधे डिस्कवर क्लिक करा आणि तिथलं मॉडेलचं नाव फोनवर शोधा, लगेच कळतं ईएमएमसी आहे की काय. चार्जिंग टाइप-सी वर असावं, कारण स्वस्त लॅपटॉपच्या गोल पिनचा जॅक हा माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यात जास्त तुटींपैकी एक आहे आणि तो बोर्डावर असेल तर खर्च वाढतो. स्क्रीन बाजूने बघून घ्या, स्वस्त पॅनल थोडं वाकवलं की रंग उलटे होतात, दिवसभर वाचायचंय तिला.

क्रोमबुक घेणार असाल तर सेटिंगमधे अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख असते ती आधी बघा. २०२१ पासून आलेल्या मॉडेलना १० वर्षं अपडेट देण्याचं गूगलने २०२३ मधे जाहीर केलं, पण ती वर्षं त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. शेल्फवर चार वर्षं जुनं मॉडेल असेल तर चार वर्षं गेली. आणि तिच्या अभ्यासक्रमात विंडोजचंच एखादं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे का हे घ्यायच्या आधी विचारा, इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर असेल तर क्रोमबुकच काय, हा सगळा छोटा वर्गच सोडून द्या.

आणखी एक पर्याय मी माझ्या घरच्यांनाही सुचवतो, ऑफिसमधून निघालेला, तीन-चार वर्षं वापरलेला बिझनेस सिरीजचा बारा-तेरा इंची लॅपटॉप. नवीन स्वस्तातल्या मशीनच्या भावात मिळतो, बॉडी दणकट, कीबोर्ड चांगला, स्टोरेज बदलता येतं, बॅटरी चार स्क्रू काढले की बाहेर. थोडा जड असतो, आणि बॅटरी नवीन घालायचा खर्च आधीच धरून चाला. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपला त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असाच बघा, इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा. पण नवीन वस्तूची वॉरंटी हवी, जोखीम नको असं असेल तर एन१०० आणि ८ जीबीवाला घ्या, त्यातही काही चूक नाही.

राहिलं तुमचं जुनं नेटबुक. फेकू नका. आधी बॅटरी काढा, ती खाली मागच्या बाजूला दोन खटक्यांवर असते, सरकवली की निघते. इतकी वर्षं कपाटात पडलेली बॅटरी मेलेलीच असणार, तिच्यावर वेळ घालवू नका, फुगलेली किंवा गळालेली दिसली तर इ-कचऱ्यात द्या, कचऱ्याच्या डब्यात नाही. बॅटरीशिवाय नुसत्या ॲडॉप्टरवर मशीन चालतं का बघा. चाललं तर रॅम १ जीबीची काढून २ जीबीची डीडीआर२ लावा, याहून जास्त ते घेत नाही. दहा इंचीत बहुतेक साधी अडीच इंची साटा जोडणीची हार्डडिस्क असते, तिच्या जागी छोटा साटा एसएसडी. स्पीड जुन्या साटाचाच मिळेल, तरी फरक जाणवतो.

तुमची चिप जुन्या ३२ बिट प्रकारची आहे, एन२७० असो की एन२८०, आजच्या ६४ बिटच्या सिस्टिम तिच्यावर चालत नाहीत, त्यामुळे सिस्टिम निवडताना जरा शोधावं लागेल. डेबियन या लिनक्सने २०२५ च्या १३ नंबरच्या आवृत्तीपासून ३२ बिटचं इन्स्टॉलर बंद केलं, १२ मधे आहे. अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती या मशिनांवर मी बऱ्याचदा टाकलीय, चालू झाल्यावर २०० एमबीच्या आसपास रॅम घेते. फायरफॉक्सनेही ३२ बिट लिनक्ससाठी १४४ नंतर नवीन आवृत्त्या थांबवल्या, तेव्हा त्यावर बँकेचं किंवा पैशाचं काही करू नका, मोठ्या वेबसाइट उघडायचाही हट्ट नको. पण लिहायला द्या ते कुणाला तरी. कीबोर्ड चांगल्या अवस्थेत असेल तर नुसता टेक्स्ट एडिटर उघडून बसायला आजही फार छान मशीन आहे, मी स्वतः कामाच्या नोंदी अशाच एका दहा इंचीवर ठेवतो, टेबलाच्या कडेला ॲडॉप्टर लावून कायम चालू. उघडताना फक्त कीबोर्डच्या खालची रिबन जपा, तिचं काळं कुलूप आधी नखाने वर उचलायचं आणि मगच रिबन ओढायची. इतक्या वर्षांनी ते प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि ते तुटलं तर रिबन कनेक्टरमधे घट्ट धरून ठेवायला दुसरं काही नसतं.